१८६५: अमेरिकेचं युद्ध संपलं आणि मुंबईचं दिवाळं निघालं

जून २०२० मधली गोष्ट. लॉकडाऊन हळूहळू उठत होता. लोकल फक्त अत्यावश्यक सेवेवाल्यांसाठी सुरू झाली होती. रात्री भाच्याचा फोन आला. "मामा, सगळं उघडायला लागलंय. आता मार्केट वरच जाणार. मी डिमॅट काढतोय. तुम्ही पण काढा."

मी म्हटलं, "काढ बाबा. फक्त कर्ज काढून त्यात टाकू नकोस."

पहिलं वर्ष त्याचं झकास गेलं. जे घेईल ते वर. मग शेअर सोडून तो ऑप्शनमध्ये शिरला, मग मोबाईलवर दोन मिनिटांत मिळणारं पर्सनल लोन आलं. त्या खात्यात आज काही नाही, पण लोनचा हप्ता अजून दर महिन्याच्या ५ तारखेला जातो. पोरगा हुशार आहे, इंजिनीअर आहे. त्याला नावं ठेवायला ही पोस्ट लिहीत नाहीये. "सगळं उघडलं की मार्केट वरच जाणार" हे त्याचं वाक्य तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांना पटलं होतं. मलाही.

पण याच मुंबईत एकदा बरोबर उलटं झालं होतं. जग बंद होतं तेव्हा मुंबई श्रीमंत झाली आणि जग उघडल्याची बातमी आली तेव्हा बुडाली. शाळेत हे आपल्याला कुणी सांगितलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

एप्रिल १८६१. अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण असं यादवी युद्ध पेटलं. लिंकनने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. आता याचा मुंबईशी काय संबंध? तर इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या कापड गिरण्यांना लागणारा तीन-चतुर्थांशाहून जास्त कापूस याच दक्षिणेकडून यायचा. तो अडकला. गिरण्या बंद पडू लागल्या, मजूर उपाशी राहू लागले आणि इंग्रज व्यापारी हिंदुस्थानच्या कापसाकडे वळले. १८६२ पर्यंत ब्रिटनमध्ये येणाऱ्या कापसातला बहुतांश कापूस आपल्याकडचा होता.

भाव तिपटी-चौपटीने चढले. लोकांनी घरातल्या गाद्या-उशा उसवून त्यातला जुना कापूस विकायला काढला, असं त्या काळाबद्दल सांगतात. कापसात माती, सरकी, पाणी घालून वजन वाढवण्याचे प्रकार इतके होते की १८६३ मध्ये त्याविरुद्ध मुंबई सरकारला कायदा करावा लागला. युद्धाच्या काळात नेहमीच्या कमाईच्या वर सात-आठ कोटी पौंड मुंबईत आले असा तेव्हाचा अंदाज आहे. पौंडाचा भाव तेव्हा दहा रुपयांच्या आसपास होता, म्हणजे हिशेब करा.

आता खरी गंमत पुढे आहे. एवढा पैसा आला खरा, पण तो ठेवायचा कुठे? गिरण्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. मग पैसा कागदावर गेला. रोज नवी बँक, रोज नवी फायनान्शियल कंपनी, जहाज कंपनी, विमा कंपनी, समुद्र बुजवून जमीन करणारी कंपनी. बऱ्याच कंपन्यांकडे धंदा असा काही नव्हताच, नाव आणि शेअर एवढंच. १८६० च्या सुमाराला शहरात साठेक शेअर दलाल होते, दोन-तीन वर्षांत ते २०० ते २५० झाले. आज जिथे हॉर्निमन सर्कल आहे, त्या टाउन हॉलसमोर वडाच्या झाडाखाली त्यांचा बाजार भरायचा.

सगळ्यात गाजली ती बॅक बे रेक्लमेशन कंपनी. मलबार हिल ते कुलाबा यांच्यामधला समुद्र बुजवायचा आणि जमीन विकायची, हा बेत. तिचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. समुद्र अजून तिथेच होता, हे लक्षात घ्या!

या खेळाचा बादशहा म्हणजे प्रेमचंद रायचंद. आज विद्यापीठाच्या आवारात जो राजाबाई टॉवर उभा आहे, तो याच माणसाच्या देणगीतून, त्याच्या आईच्या नावाने. कोणत्या कंपनीचे शेअर कुणाला मिळणार हे त्याच्या चिठ्ठीवर ठरायचं. बँक ऑफ बॉम्बेवर त्याचं वजन होतं. ही काही ऐरीगैरी बँक नव्हती, सरकारचं भांडवल असलेली बँक होती. १८६३ मध्ये तिच्या कायद्यातली जुनी बंधनं सैल केली गेली आणि शेअर तारण ठेवून, कधी तर नुसत्या सहीवर, कर्जं वाटली जाऊ लागली. त्या कर्जातून आणखी शेअर घेतले जायचे. त्यामुळे भाव चढायचा, भाव चढला की त्याच शेअरवर आणखी कर्ज मिळायचं. वर वायद्याचे सौदे: शेअर आज घ्यायचा, पैसे पुढच्या ठरलेल्या तारखेला द्यायचे. अशा असंख्य सौद्यांची तारीख होती १ जुलै १८६५.

आणि ९ एप्रिल १८६५ ला अमेरिकेत दक्षिणेच्या जनरल लीने शरणागती पत्करली. युद्ध संपल्यात जमा होतं.

जगासाठी केवढी चांगली बातमी! रक्तपात थांबला, गुलामगिरी संपायच्या मार्गाला लागली, बंदरं उघडणार, लँकेशायरच्या मजुराची चूल पेटणार. मुंबईत मात्र ही बातमी आली आणि कापूस कोसळला. कारण मुंबईची सगळी कमाई त्या बंद बंदरांवर उभी होती. मे महिन्यातच मोठमोठे व्यापारी बसायला लागले. १ जुलै उजाडला तेव्हा वायद्याचे पैसे द्यायला कुणाकडेच काही नव्हतं. मी तुझे देणे, तू त्याचे देणे, तो माझे देणे, असं सगळं शहर एकमेकांत अडकलेलं. दिवाळखोरांचे निकाल लावायला सरकारला खास कायदा करावा लागला.

बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २,८५० रुपयांपर्यंत गेला होता, तो ८७ रुपयांना विकायची पाळी आली. १८६८ मध्ये ती बँक गुंडाळली आणि तिच्या कारभाराची चौकशी करायला सरकारने आयोग नेमला. बॅक बे कंपनीही बुडाली. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ होती. १८७२ मध्ये ती ६,४४,४०५ भरली. काम शोधत आलेली माणसं काम संपल्यावर निघून गेली.

बहुतेक लेखांत ही गोष्ट इथे संपते. शेठजी बुडाले, टॉवर राहिला. पण घाटावर काय झालं ते कुणी फारसं सांगत नाही, आणि मला सांगायचंय ते तेच.

कपाशीचा खरा पट्टा खानदेश-वऱ्हाडचा. पुणे-नगरकडे ज्वारी-बाजरीच जास्त. पण तेजीचा पैसा पाझरत तिथेही पोचला. धान्य महागलं, रेल्वेच्या कामावर मजुरी मिळू लागली. मुंबईचा निर्यातदार गावच्या सावकाराला पैसा पुरवायचा आणि सावकार शेतकऱ्याला. कपाशी लावलीस तर एकराला शंभर रुपये उचल, असेही दाखले आहेत. एरवी दहा रुपयांसाठी दारात ताटकळत ठेवणारा सावकार आता स्वतःहून "घे रे" म्हणायला लागला होता.

युद्ध संपलं तसा मुंबईने हात आखडला आणि सावकाराने वसुली काढली. जुन्या उचली परत मागायला लागला, नव्या देईना. त्यातच तीस वर्षांची जमीनधाऱ्याची मुदत संपत आली होती. सरकारने नवा सारा ठरवला तो तेजीच्या काळातले भाव बघून. कुठे दीडपट, कुठे दुप्पट. भाव पडले होते, सारा मात्र चढला होता.

वर मुदतीचा कायदा. कर्जरोखा तीन वर्षांनी कालबाह्य होतो, असा नियम १८५९ मध्ये झाला होता. हेतू चांगला होता, जुन्या देण्यांचं व्याज साचू नये म्हणून. सावकाराने त्यातून वाट काढली. दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घ्यायचा, थकलेलं व्याज मुद्दलात मिळवायचं आणि त्या नव्या मुद्दलावर पुन्हा व्याज. शेतकऱ्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. तो अंगठा द्यायचा. भांडण कोर्टात गेलं की कोर्ट कागद बघायचं.

१२ मे १८७५. सुपे, आज बारामती तालुक्यात आहे ते. बाजाराचा दिवस. आसपासच्या गावांतले शेतकरी जमले आणि सावकारांच्या घरा-दुकानांवर चालून गेले. त्यांची मागणी एकच होती: वह्या द्या, रोखे द्या. मिळाले ते जाळून टाकले. पुढच्या काही आठवड्यांत पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसेक गावांत हेच झालं. इतिहासात याला 'डेक्कन रायट्स', दख्खनचे दंगे म्हणतात. दंग्याचं कारण काय, यावर इतिहासकारांत वाद आहेत आणि कापसाची तेजी हे एकटं कारण नक्कीच नव्हतं. पण दहा वर्षांपूर्वीच्या स्वस्त उचलीचा त्यात हात होता, हे सरकारने नेमलेल्या आयोगापुढेही आलं. १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा त्यातूनच झाला.

आता एक तारीख बघा. सुप्यात रोखे जळले त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ९ जुलै १८७५ ला, मुंबईत वडाखालच्या दलालांनी आपली रीतसर संघटना स्थापन केली. एक रुपया प्रवेश फी, ३१८ सभासद. आजचा मुंबई शेअर बाजार, आपला बीएसई, तो हाच. वायदे बुडाले की काय होतं हे दलाल शिकले होते, त्यांनी नियम केले. शेतकऱ्याला कुणी नियम करून दिले नाहीत. दिले तेही चार वर्षांनी, आणि आधी त्याला वह्या जाळाव्या लागल्या.

येऊ आता २०२० वर.

२३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३५ अंकांनी पडून २५,९८१ वर बंद झाला. पुढच्या तिमाहीत देशाचं उत्पन्न जवळपास २४ टक्क्यांनी आक्रसलं. आणि जानेवारी २०२१ मध्ये सेन्सेक्सने ५०,००० ला हात लावला! कसं काय? एक कारण ओळखीचं आहे: पैसा स्वस्त झाला आणि जायला जागा नव्हती. रिझर्व्ह बँकेने रेपो दर मे २०२० पर्यंत ४ टक्क्यांवर आणला. एफडीवर पाच-साडेपाच टक्के मिळेनात आणि महागाई सहाच्या वर. घरी बसलेला माणूस, हातात मोबाईल. मार्च २०२० मध्ये देशात चार कोटींच्या आसपास डिमॅट खाती होती, दोन वर्षांत ती नऊ कोटींजवळ गेली.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. तेव्हा चांगले शेअर किंवा साधा इंडेक्स फंड स्वतःच्या पैशाने घेऊन जो शांत बसला, त्याचं भलं झालं. म्हणजे भाच्याचं वाक्य सपशेल चूक नव्हतं. पण उघडण्याचा फायदा सगळ्यांना सारखा होत नाही. लॉकडाऊनमध्ये ज्यांची चांदी झाली त्या आयटी आणि औषध कंपन्यांचे शेअर २०२२ मध्ये खाली आले. सरकारी बँका आणि हॉटेलं वर गेली. बंद जगात कमावणारा आणि उघड्या जगात कमावणारा वेगळा असतो, हे मुंबईने १८६५ मध्येच पाहिलं होतं.

आणि वायदा. सेबीने जानेवारी २०२३ मध्ये अहवाल काढला: २०२१-२२ या वर्षात फ्युचर्स-ऑप्शन करणाऱ्या दर १०० सामान्य माणसांपैकी ८९ जण तोट्यात. सप्टेंबर २०२४ च्या अहवालात तीन वर्षांचा हिशेब आला: ९३ टक्के तोट्यात, एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपये. बरोबर चालू असलेल्या बाजारात हा तोटा झालाय हो, पडलेल्या बाजारात नाही.

मी काही सल्लागार नाही. हा शेअर घ्या, तो विका, असं सांगणार नाही. पण या जुन्या गोष्टीवरून मी स्वतःला तीन प्रश्न विचारायला शिकलोय. आज ही जी कमाई दिसतेय ती कुणाच्या अडचणीमुळे आहे का, आणि ती अडचण संपली की काय राहील? हा पैसा माझा आहे की उचलीचा? आणि मी सही करतोय (आता बोट लावतोय म्हणा) तो कागद मी वाचलाय का?

सुप्याचा शेतकरी अंगठा द्यायचा, कारण त्याला वाचता येत नव्हतं. आपण इंजिनीअर होऊन 'आय अ‍ॅग्री' वर अंगठा दाबतो.

भाच्याचे अजून चौदा हप्ते राहिलेत. परवा फोनवर म्हणाला, "मामा, संपले की पुन्हा एसआयपीपासून सुरू करतो." म्हटलं, आधी संपू देत.

तुमच्या घरात, गावात त्या दोन वर्षांत काय झालं? कमावलं असेल तर तेही लिहा, गमावलं असेल तर तेही. आणि सुपे, इंदापूर, नगरकडच्या कुणाच्या घरी आजी-पणजोबांकडून वह्या जाळल्याच्या गोष्टी ऐकलेल्या असतील, तर जरूर सांगा.