माग, ठसा व हजेरी

सातारा–सांगली भागात गुन्हेगार ओळखण्याच्या अनेक पद्धती होत्या. यांतील सर्वांत जुनी म्हणजे माग. गावाची राखण रामोशी, मांग यांच्याकडे असे. चोरी झाली की हा राखणदार, म्हणजे जागल्या, धुळीतली पावले पाहत निघे. माग शिवेपर्यंत पोचला की तो पुढच्या गावच्या जागल्याच्या हवाली करी आणि चोर हुडकण्याची जबाबदारी त्या गावावर पडे. पेशवाई बुडाल्यावर इंग्रज अधिकारी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात दख्खनच्या या व्यवस्थेची नोंद केली. गावातल्या प्रत्येकाची चालचलणूक जागल्याला ठाऊक असावी, अशी अपेक्षा असे. न्यायसहायक विज्ञानाच्या इतिहासात माग काढण्याच्या या विद्येला मानाची जागा मिळायला हवी. ती क्वचितच मिळते.

ठशांचे शास्त्र बंगालमध्ये घडले. इंग्रज अधिकारी विल्यम हर्शेलने १८५८ मध्ये करारावर हाताचा ठसा घेतला. पुढे अझिझुल हक व हेमचंद्र बोस यांनी पोलीस अधिकारी एडवर्ड हेन्रीच्या हाताखाली ठशांची १,०२४ गटांत वर्गवारी बसवली आणि १८९७ मध्ये कलकत्त्यात जगातले पहिले ठसेकेंद्र निघाले. १८९९ मध्ये पुराव्याच्या कायद्यात ठसेतज्ज्ञाच्या मताला स्थान मिळाले. एका माणसाचा ठसा दुसऱ्याशी जुळत नाही, हा या शास्त्राचा पाया. म्हणजे ओळख पटते ती एकेका माणसाची, त्याच्या जातीची नव्हे.

साताऱ्यात मात्र उलटे घडले. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ च्या नव्या रूपात मुंबई इलाख्यालाही लागू करता येऊ लागला. या कायद्याखालच्या नोंदवहीत नाव चढलेल्याचे ठसे केव्हाही घेता येत; त्याला ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे, मुक्काम बदलला तर कळवावे लागे. त्यासाठी त्याने गुन्हा केलेला असण्याची गरज नव्हती, जन्म पुरे होता. पिढ्यान्‌पिढ्या चोराचा माग काढणाऱ्यांचीच पोरे संशयित ठरली. हा अन्याय शास्त्राचा नव्हे, ते वापरणाऱ्या राज्यकर्त्यांचा.

वाटेगावच्या (ता. वाळवा) अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’ (१९५९) या कादंबरीत मांगवाड्यावरचा हजेरीचा जाच आला आहे. सरकारी कागदांत हजेरी हा बंदोबस्ताचा भाग आहे. घरातल्या माणसांच्या बाजूने ती कशी दिसे, हे समजण्यासाठी या कादंबरीला पर्याय नाही.

मुंबई राज्याने गुन्हेगार जमाती कायदा १९४९ मध्ये रद्द केला. त्याच वर्षी साताऱ्यातून दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला. १९६० पासून त्याचे नाव सांगली. देशभरात कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी संपला. विमुक्त जमाती हे नाव त्यातूनच आले.

आज महाराष्ट्राचे अंगुलिमुद्रा (ठसे) केंद्र पुण्यात गुन्हे अन्वेषण विभागाकडे आहे. न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा पुणे व कोल्हापूर येथे आहेत. कैद्यांच्या ओळखीचा १९२० चा कायदा जाऊन २०२२ मध्ये नवा आला. त्यानुसार ठशांबरोबर डोळ्यांच्या बुबुळांचीही नोंद घेता येते आणि ती ७५ वर्षे जपून ठेवता येते.