तिव्होली : अवशेषांवर पोसलेले उद्यान

रोमच्या पूर्वेस सुमारे ३० किलोमीटरवर डोंगरउतारावर तिव्होली वसले आहे. सकाळी रोमहून निघालेला प्रवासी दोन स्थळे पाहून संध्याकाळी परततो : पायथ्याशी सम्राट हेड्रियनच्या प्रासादाचे अवशेष आणि वर गावात व्हिला देस्तेचे कारंज्यांचे उद्यान. दोहोंत चौदा शतकांचे अंतर आहे. परंतु दुसऱ्याच्या शोभेसाठी पहिले ओरबाडले गेले, हे सहसा सांगितले जात नाही.

इ.स. ११७ मध्ये सत्तेवर आलेल्या हेड्रियनने येथे बांधले ते घर नव्हे, जवळजवळ नगरच. विस्तार सुमारे १२० हेक्टर. स्नानगृहे, ग्रंथालये, सेवकांनी नजरेस पडू नये म्हणून भुयारी मार्ग, आणि वर्तुळाकार पाण्याने वेढलेले एक चिमुकले बेटगृह. साम्राज्यभर फिरलेल्या या सम्राटाने वास्तूंना दूरदेशीच्या स्थळांची नावे दिली, असे त्याचा प्राचीन चरित्रकार सांगतो. इजिप्तमधील कॅनोपस हे त्यांपैकीच एक.

१५५० मध्ये कार्डिनल इप्पोलितो देस्ते तिव्होलीचा राज्यपाल झाला. पोपपदाची त्याची आकांक्षा अखेरपर्यंत अपुरीच राहिली. वैभव मात्र त्याने उद्यानात ओतले. उतारावरची घरे पाडली गेली, रहिवाशांनी खटले भरले. अनिएने नदीचे पाणी गावाखालून बोगद्याने आणले गेले. शेकडो कारंजी उडाली ती केवळ उताराच्या बळावर. पंप एकही नव्हता. पाण्याच्या दाबाने वाजणारे ऑर्गनही तेथे होते.

या उद्यानाचा रचनाकार पिर्रो लिगोरिओ. हेड्रियनच्या प्रासादात उत्खनन करून त्याने पुतळे आणि संगमरवर कार्डिनलकडे पोहोचवले. त्याला निव्वळ लुटारू म्हणणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. त्या अवशेषांचे सविस्तर वर्णनही त्यानेच लिहून ठेवले, आणि आज नष्ट झालेल्या कित्येक गोष्टी त्यामुळेच ठाऊक आहेत. (त्याने बनावट शिलालेखही रचले होते, म्हणून अभ्यासक त्याचा शब्द पारखूनच घेतात.) शिवाय लिगोरिओच्या आधीही संगमरवर भट्टीत भाजून त्याचा चुना केला जात होताच.

कार्डिनल १५७२ मध्ये वारला. पुढे उद्यानाची निगा सुटली आणि अठराव्या शतकात तेथील अनेक पुतळे विकले गेले. एकदा उपटलेले शिल्प दुसऱ्यांदा बेघर झाले.

कॅनोपस नावाच्या लांबट तलावाचा गाळ मात्र लिगोरिओच्या हाती लागला नव्हता. १९५० च्या दशकात त्यातून चार स्त्रीमूर्ती वर आल्या, अथेन्सच्या एरेक्थिऑन मंदिरातील स्तंभमूर्तींच्या प्रतिकृती. आता त्या तेथल्याच संग्रहालयात आहेत. तलावाकाठी उभ्या दिसतात त्या त्या प्रतिकृतींच्या प्रतिकृती.