ओळख, मैत्री आणि वशिला: सरदेसाई–जदुनाथ यांची चोपन्न वर्षं

पीएच.डी.ला नाव नोंदवलं की एक सल्ला हमखास मिळतो: नेटवर्किंग करा. परिषदांना जा, ओळखी काढा, ईमेल टाकत राहा. हा प्रकार आजचा नाही. आपल्याच विषयातलं एक जुनं उदाहरण बघू.

साल १९०४. जदुनाथ सरकार पाटण्याला शिकवत होते आणि औरंगजेबावर काम करत होते. फारसी साधनं त्यांच्या हाताशी होती. पण औरंगजेबाची शेवटची पंचवीस वर्षं दख्खनमध्ये गेली. मराठी कागदांशिवाय ती कळणार कशी? तिकडे बडोद्यात, सयाजीराव गायकवाडांच्या नोकरीत, गोविंद सखाराम सरदेसाई होते. ‘मराठी रियासत’ लिहायला त्यांनी नुकतीच सुरुवात केली होती. त्यांची अडचण नेमकी उलटी: मराठी साधनं होती, फारसी नव्हती. दोघांचा पत्रव्यवहार सुरू झाला.

म्हणजे सुरुवात कामापुरतीच होती, हे लक्षात घ्या. गरज दोघांनाही होती, आणि त्यात कमीपणा काही नाही. फरक पडला तो पुढे. एकमेकांची गरज भागल्यावरही पत्रं थांबली नाहीत. कागदपत्रं, तारखा, शब्दांचे अर्थ यांच्याबरोबर घरचं सुखदुःखही त्यांत येऊ लागलं. दोघांनीही तरणी मुलं गमावली. निवृत्तीनंतर सरदेसाई कामशेतला राहायला गेले, तेव्हा जदुनाथ तिथे येऊन राहत. १९५८ साली जदुनाथ वारले, तोवर हे चालू होतं.

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. आता दुसरी बाजू.

पुण्यातलं पेशवे दफ्तर इंग्रज सरकारच्या ताब्यात होतं. हजारो रुमाल, बहुतेक मोडीत. ते बघायला मिळावं म्हणून पुण्याचे संशोधक वर्षानुवर्षं धडपडत होते. १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळातल्या लोकांनी गावोगाव फिरून, पदरमोड करून कागद जमवले होते. पण या दफ्तराचं दार त्यांना बंदच होतं. ते उघडलं ते सरदेसायांसाठी, आणि त्यात जदुनाथांच्या शब्दाचं वजन होतं. १९३० ते १९३४ या काळात सरदेसायांनी निवडक कागदांचे ४५ खंड काढले. साठीतल्या माणसाचं हे काम थक्क करणारं आहे, आणि आजही आपण सगळे ते खंड वापरतो. पण पुण्यात कित्येकांना हा सरळ वशिला वाटला. तुम्हाला काय वाटलं असतं?

मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. मैत्री खरी होती, म्हणून दार बंद असलेल्यांवरचा अन्याय खोटा ठरत नाही. गोम दफ्तराच्या व्यवस्थेत होती: कागद पाहायला मिळणं हा हक्क नव्हता, मेहेरबानी होती. असं असलं की चांगल्यातली चांगली ओळखही वशिल्यासारखी दिसू लागते.

म्हणून ओळखी जरूर वाढवा. सुरुवात ‘मला काय मिळेल’ने झाली तरी चालेल, फक्त ‘माझ्याकडे देण्यासारखं काय आहे’ हेही सोबत असू द्या. आणि ओळखीमुळे एखाद्या दफ्तराचं दार उघडलंच, तर आत जाताना ते मागच्यासाठी उघडं ठेवा. मिळालेले कागद, केलेल्या याद्या, काढलेले फोटो वाटून टाका. तेवढं आपल्या हातात आहे.