किल्ली कोणाची?

मुलुंडहून घाटकोपरच्या शाखेत जाताना वाटेत विक्रोळी लागते. आर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली लालबागला काढलेला कुलपांचा कारखाना पुढे इथेच विस्तारला. तेव्हा कुलूप म्हणजे काय, हे आम्हां मंडळींना लोकलच्या दारात उभ्याउभ्याच समजते!

बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची, एक ग्राहकाची. ग्राहकाने आपली हरवली की कंपनीचा माणूस ड्रिल घेऊन येतो. खर्च ग्राहकाचा; पण माणूस डोळ्यांदेखत घाम गाळतो, त्यामुळे बिल पटते.

१९८३ साली बँका आणि युनियन यांच्यात करार झाला नि संगणकाला आमचे दार उघडले. नोकऱ्या जातील म्हणून केवढी भांडणे झाली होती! नोकऱ्या राहिल्या. किल्ली मात्र गेली.

मी नवीन असतानाची गोष्ट. एक एप्रिलला सकाळी संगणकाचा पडदा म्हणाला, ‘मुदत संपली, विक्रेत्याशी संपर्क साधा.’ तारीख बघून आम्ही आधी हसलो. मग साहेबांनी फोन लावला. पलीकडच्याने सोळा अक्षरे सांगितली, कुलूप उघडले. घाम फक्त आम्हांला. बिल आले पाच हजारांचे, ‘प्रणाली उघडून दिल्याबद्दल’.

साहेब कडाडले, “अहो, पण कुलूप लावलं कोणी?”

“आम्हीच, साहेब. लावायचे आम्ही काही घेत नाही.”