तुंबडी, डास आणि नळी

मागच्या खेपेला बासरच्या सरस्वतीबद्दल लिहिले होते. त्याच प्रवासात पुढे आदिलाबादला मुक्काम पडला आणि इंद्रवेल्लीजवळच्या केसलापूरला गोंडांची नागोबा जत्रा पाहायचा योग आला. देवळाबद्दल पुन्हा कधीतरी. आज जत्रेतल्या आरोग्य शिबिराच्या मांडवाबद्दल.

तिथे सिकलसेलची तपासणी चालली होती. नर्सबाईने एका मुलीच्या बोटाला सुई टोचली, पट्टीवर थेंब घेतला आणि सुई डब्यात टाकली. मग दंडाला पट्टा आवळून शिरेतून जांभळ्या टोपणाची नळी भरून घेतली. सोबतची आजी किनवटकडची. तो तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होता, त्यामुळे तिची मराठी मला कळत होती. ती म्हणाली, "बाई, दोन सालामागं बी हिचं रगत नेलं. कागद काही आला नाही."

मी पडलो कारकून. कागद आला नाही म्हटले की माझे कान टवकारतात.

वाचकहो, माणसाचे रक्त काढायची आपली परंपरा जुनीच. सुश्रुताने त्यासाठी शिंग, जळू आणि भोपळा सांगितला आहे. वैदू फासण्या घालून तुंबडी लावायचा आणि तोंडाने हवा ओढून घ्यायचा. पण ते रक्त वाईट म्हणून टाकून द्यायचे. रक्त जपून न्यावे, काचेवर पसरून त्यात काय दिसते ते पाहावे, ही गोष्ट अगदी अलीकडची.

त्यातला एक मोठा प्रसंग निजामाच्याच मुलखात घडला. १८९७ साली सिकंदराबादेजवळ बेगमपेठेत रोनाल्ड रॉस यांनी हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रुग्णाला मच्छरदाणीत ठेवले, आत डास सोडले आणि चावणाऱ्या दर डासामागे एक आणा दिला. रक्त गोळा करायचे साधन म्हणजे खुद्द डास! २० ऑगस्टला अशाच एका डासाच्या जठरात त्यांना हिवतापाचा जंतू सापडला. १९०२ साली रॉसना नोबेल मिळाले. हुसेन खानाला आणे मिळाले होते, तेही रोख. त्याचा हिशेब निदान चुकता झाला.

पुढे १९५३ साली देशात मलेरियाविरोधी कार्यक्रम सुरू झाला. घरोघर फिरणारे कर्मचारी हॅजडॉर्नची सुई स्पिरिटने पुसून बोट टोचायचे आणि काचपट्टीवर थेंब घ्यायचे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस पणजीत मलेरिया पसरला तेव्हा माझेही बोट टोचले गेले. भिंतीवर तारीख पडली, निकाल मात्र कोणी सांगितला नाही. काही नसेल म्हणूनच सांगितला नसेल, अशी आईची समजूत. आता लॅन्सेट एकदाच वापरून फेकतात, ही फार मोठी सुधारणा.

आणि ती जांभळ्या टोपणाची नळी? १९४० च्या दशकात अमेरिकेत जोसेफ क्लायनर यांनी शोधलेली ही युक्ती. नळीतली हवा आधीच काढलेली, त्यामुळे सुई शिरेत गेली की रक्त आपोआप आत ओढले जाते. वैदू तोंडाने करायचा तेच की हे! जांभळ्या टोपणाखाली ईडीटीए नावाचे रसायन असते, त्याने रक्त गोठत नाही. थेंबाच्या तपासणीत संशय आला की पक्क्या निदानासाठी ही नळी प्रयोगशाळेत जाते.

आणि इथेच कागद लागतो. आईबाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. २०२३ साली केंद्राने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम काढली, ० ते ४० वयाच्या ७ कोटी लोकांना तपासायचे ठरवले. पण आपण वाहक आहोत की नाही हे त्या मुलीला सोयरीक जुळण्याआधी कळायला हवे. नळी कितीही उत्तम असो, तिच्यावरचा नंबर आणि वहीतला नंबर जुळला नाही तर रक्त वाया. आमच्या कचेरीत अर्ज हरवला तर माणूस दुसरा अर्ज करतो. इथे पुन्हा सुई टोचावी लागते.

नर्सबाईने मुकाट्याने वही उघडली आणि मागची पाने उलटली. मुलीचे नाव सापडले, निकालाचा रकाना कोरा होता. तिने नळीवर नाव लिहिले, आजीकडून मुलाचा फोन नंबर मागून घेतला. आजीला तो पाठ नव्हता. लुगड्याच्या गाठीत चिठ्ठी होती, ती सोडायला तिला बराच वेळ लागला. मागे रांग थांबून होती.