सालबाईचा मध्यस्थ

ग्वाल्हेरच्या दक्षिणेस सालबाई नावाचे एक गाव आहे. तेथे १७ मे १७८२ रोजी पुण्याचे पेशवे सरकार व इंग्रज कंपनी यांच्यात तह ठरला आणि सात वर्षांचे युद्ध थांबले. इंग्रजांतर्फे डेव्हिड अँडरसन होता. पुणे दरबारातर्फे बोलणी केली महादजी शिंद्यांनी, आणि तह पाळला जाईल याबद्दल उभय पक्षांना जामीनही तेच राहिले.

श्रोतेहो, हा गृहस्थ तटस्थ मुळीच नव्हता. १७८० साली पॉपहॅमने ग्वाल्हेरचा किल्ला सर केला होता, आणि पुढल्याच वर्षी कर्नल कॅमॅकने रात्री छापा घालून शिंद्यांच्या फौजेची दाणादाण उडविली होती. असा पोळलेला मनुष्य मध्यस्थ कसा चालला? याचे उत्तर मला वडगावात सापडते. १७७९ मध्ये तेथे इंग्रज फौज पुरती कोंडीत सापडली असता महादजींनी तिची कत्तल केली नाही. हाती आलेल्या इंग्रजांना माणुसकीने वागविले. सालबाईच्या तहात भडोच त्यांना मिळाले ते याच वर्तनाची कदर म्हणून. शत्रूला ज्याच्या शब्दाचा अनुभव होता, त्याच्याशीच शत्रू बोलावयास बसला.

तहाची कलमेही पाहण्यासारखी आहेत. साष्टी इंग्रजांकडे राहिली, वसई मराठ्यांस परत मिळाली. ज्या राघोबादादांमुळे हे सारे रण माजले, त्यांना शिक्षा नाही. दरमहा पंचवीस हजार रुपयांची नेमणूक, आणि इंग्रजांनी त्यांचा पक्ष कायमचा सोडावयाचा. भांडणाचे मूळ असे अन्नवस्त्र देऊन बाजूस सारले गेले. नाना फडणीसांना मात्र घाई नव्हती. हैदरअली इंग्रजांशी झुंजत होता तोवर त्यांनी मान्यता लांबविली. डिसेंबरात हैदर वारला, तेव्हाच ती मिळाली. महादजींना इतके महिने दोन्हीकडचा संशय सोसावा लागला.

महादजींनी यात स्वतःचे साधून घेतले, असा आक्षेप घेतात. तो खराच आहे. यमुनेच्या पश्चिमेचा मुलूख त्यांना परत मिळाला आणि दिल्लीचा मार्ग मोकळा झाला. परंतु तह टिकण्यातच ज्याचा लाभ, तो जामीन निःस्वार्थ साधूपेक्षा अधिक भरवशाचा, असे मला वाटते. १७९४ मध्ये महादजी पुण्याजवळ वानवडीस वारले. तोवर इंग्रज-मराठे युद्ध पुन्हा पेटले नाही. ते पेटले १८०३ साली.

गोहदच्या राण्याचे नशीब मात्र निराळे. तहाचे पालन करील तोवर ग्वाल्हेरचा किल्ला त्याच्याकडे राहावा, असे कलम होते. राण्याने आपली वचने मोडली असे इंग्रजांनी ठरविले आणि हात काढून घेतला. महादजींनी लौकरच वेढा घालून किल्ला घेतला.