पेशवाईतील अरब शिपाई व राज्याची सुरक्षितता

बुधवार पेठेतील दुसऱ्या बाजीरावाचा बुधवार वाडा 1879 साली आगीत नष्ट झाला. वाडा गेला तरी त्याच्या धन्याच्या काळाने मागे ठेवलेला एक प्रश्न आजही विचार करण्याजोगा आहे: परमुलखातील शिपायांच्या भरवशावर राज्य सुरक्षित राहते काय?

कलकत्ता विद्यापीठात मराठ्यांचा इतिहास शिकविणारे डॉ. सुरेंद्रनाथ सेन यांनी 1928 साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवरील ग्रंथात या प्रश्नाचा सांगोपांग ऊहापोह केला आहे. परक्यांचा भरणा वाढला तसतसे मराठी फौजेचे राष्ट्रीय स्वरूप लोपले, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

हे अरब बहुतांशी हद्रमौत प्रांतातले. समुद्रमार्गे येऊन ते गायकवाड, नागपूरकर भोसले व पेशवे यांच्या चाकरीत राहिले. तटबंदी राखण्यात त्यांचा हातखंडा होता, म्हणून त्यांना एतद्देशीय शिपायांहून अधिक वेतन मिळे. परंतु त्यांची निष्ठा आपल्या जमादाराशी व पगाराशी. बडोद्यास तर सरकारच्या कर्जाला व करारांना अरब जमादार जामीन राहत. या हमीस 'बहांदरी' म्हणत. पगार थकला तेव्हा त्यांनी शहर सोडण्यास नकार दिला. अखेर डिसेंबर 1802 मध्ये कंपनीच्या फौजेने बडोद्यास वेढा घालून त्यांना बाहेर काढले. गायकवाडांचे राज्य मात्र कंपनीच्या मुठीत गेले.

तथापि अरबांना केवळ दोष देणे अन्यायाचे होईल. 1 जानेवारी 1818 रोजी कोरेगाव येथे पेशव्यांच्या बाजूने ते हिरिरीने लढले. त्याच वर्षी मालेगावचा किल्ला त्यांनी सुमारे महिनाभर झुंजवला. शरणागतीचा कागद मराठीत लिहिला गेला व त्यातील शब्द इंग्रज सेनानीच्या मनातील अटींहून उदार ठरले. तरीही लिहून दिलेला शब्दच पाळण्यात आला. एका मराठी कागदाने शेकडो माणसांचे भवितव्य ठरविले!

आमच्या मते दोष शौर्याचा नव्हता. रिकामा खजिना आणि स्वजनांविषयीचा अविश्वास यांनी राज्य पोखरले होते.

ज्ञातिबंधुभगिनींस एकच विनंती. आपल्या माळ्यावरील मोडी रुमाल रद्दीत घालू नका. ते जाणकारांस दाखवा आणि घरातील एका तरी मुलामुलीस मोडी शिकवा. पूर्वजांचा कागद वाचणारा कोणी उरला नाही, तर तो असून नसल्यासारखाच होय.